एकशे सातवा फोटो

रोखाकाकांचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपटापलीकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं तळघरातल्या एक्स-रेच्या खोलीत उभं राहून त्यांनी हजारो माणसांना एकच वाक्य ऐकवलं होतं. "श्वास घ्या... रोखा... सोडा." त्यातलं 'रोखा' ते अशा ठसक्यात म्हणत, की बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसंही आपापला श्वास धरून बसत. तिथून हे नाव चिकटलं ते कायमचं. नर्सा, शिपाई, गल्लीतली पोरं, सोयरेधायरे, सगळ्यांचे ते रोखाकाका. बायको तेवढी 'अहो' म्हणायची, आणि फार चिडली तर काहीच म्हणायची नाही.

माणूस सरळ, कामात चोख, बोलण्यात कंजूष. चार पाहुण्यांत बसवलं की चेहरा असा करत, जणू यांचाच कुणी एक्स-रे काढतंय. नाद म्हणाल तर एकच, फोटोंचा. माणसांचे नव्हेत, माणसं दिवसभर आतून बघून त्यांना कंटाळा आलेला. पक्ष्यांचे, चतुरांचे, पाण्यात पडलेल्या ढगांचे. शहर संपतं तिथे दगडाची एक जुनी खाण होती. दगड काढून काढून पडलेल्या खड्ड्यात पाणी साठलं, कडेनं लव्हाळी माजली आणि त्याचं तळंच होऊन बसलं. रोज सकाळी सहाला रोखाकाका स्कूटरवरून तिथे जात, तास-पाऊण तास बसत आणि तिथूनच परस्पर कामावर जात. कॅमेऱ्याची पिशवी त्यामुळे सदा खांद्याला.

त्यांचा एक नियम होता. कार्डावरचा कुठलाही फोटो कॅमेऱ्यातच पुसायचा नाही. हललेला असो, काळा असो, बोट आलेलं असो. जुन्या एक्स-रेवाल्यांची शिस्त ती, फसलेली फिल्मसुद्धा लगेच फेकायची नसते. महिना संपला की सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि मगच कार्ड रिकामं करायचं. हा नियम लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

रविवारी लेकीचं लग्न होतं. एकुलती एक लेक, त्यामुळे घरात आठवडाभर आधीपासूनच धांदल उडाली होती. बायको शिवणकाम करायची. अर्ध्या गल्लीचे कपडे तिच्या मशीनखालून गेलेले, मग लेकीचे कपडे ती दुसऱ्याकडे कशाला टाकते? लग्नातले, लग्नानंतरचे, सगळे स्वतः शिवायला घेतले होते. महिनाभर खोकत होती, पण खोकल्याकडे बघायला तिला फुरसत नव्हती. "कापडाची धूळ जाते घशात," एवढं बोलून पुन्हा मशीनवर पाय.

सोमवारी ती बटणं आणायला दवाखान्याच्या बाजूलाच आली होती. जेवणाच्या सुट्टीत रोखाकाकांनी तिला खाली बोलावून घेतलं. एक फोटो काढून टाकू, म्हणजे कटकट मिटेल. घरच्या माणसाचं पाच मिनिटांचं काम, नोंद कशाला करायची, म्हणून नोंदही केली नाही.

"गळ्यातली साखळी काढा," ते म्हणाले. "हनुवटी इथे टेकवा. खांदे पुढे."

"अहो-जाहो काय करताय मला?"

"इथे सगळ्यांनाच करतो."

ती हसली, हसताना खोकली, मग नीट उभी राहिली.

"श्वास घ्या. रोखा."

बटण दाबलं. नेहमी बटणाबरोबरच 'सोडा' बाहेर पडे. पण बायकोला अहो-जाहो केल्याचं हसू त्यांच्या ओठावर रेंगाळलं होतं, तेवढा एक क्षण गेला, आणि तेवढ्यात समोरच्या पडद्यावर चित्र आलं.

गळ्याचं डावीकडचं हाड वाकडं होतं. ते त्यांच्या ओळखीचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिला मागे बसवून स्कूटरवरून जाताना तारेवर बसलेला एक पक्षी बघायला यांनी मान वळवली होती आणि स्कूटर खड्ड्यात घातली होती. ती पडली, हाड मोडलं, सांधलं ते वाकडंच. अठ्ठावीस वर्षं ती म्हणत आली होती, "तुमच्या पाखरानं माझं हाड वाकडं केलं." त्या रागानं ती एकदाही तळ्यावर आली नव्हती. ते हाड जिथल्या तिथे होतं. पण उजवीकडे, वरच्या भागात, लिंबाएवढी एक पांढरी सावली होती, आणि ती तिथे असायला नको होती.

सावलीला नाव द्यायचं काम डॉक्टरांचं. पण एकतीस वर्षं सावल्याच बघत आलेल्या माणसाला काही गोष्टी कुणी सांगाव्या लागत नाहीत. ते पडद्याला डोळे लावून उभे राहिले.

"अहो," आतून दबलेला आवाज आला, "सोडू का?"

ती अजून श्वास धरून उभी होती. चेहरा लाल झाला होता.

"सोड. सोड."

"काय निघालं?"

"साफ आहे," रोखाकाका म्हणाले. "धूळच असेल."

ती साखळी घालून, बटणांची पुडी सांभाळत जिना चढून गेली. मग त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला. मोबाइलनं काढला तर पडद्यावर पट्टे येतात, म्हणून कॅमेरा. सकाळचे पाण्याचे आणि पाखरांचे धरून कार्डावर एकशे सहा फोटो होते, हा एकशे सातवा. तो मोबाइलवर घेऊन त्यांनी रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरबाईंना पाठवला आणि नोंद नसलेलं मूळ चित्र कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मशीनमधून पुसून टाकलं. बाई त्या आठवड्यात सुट्टीवर होत्या. तरी दहा मिनिटांत फोन आला.

"कोण आहे पेशंट?"

"घरचंच माणूस आहे, मॅडम. बायको."

 "उद्याच सीटी स्कॅन करून घ्या. कदाचित जुनं काहीतरी साधं असेल, पण बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. थांबू नका."

"रविवारी मुलीचं लग्न आहे. सोमवारी घेऊन येतो."

"त्यांना सांगितलंत ना?"

"हो," रोखाकाका म्हणाले. ज्या माणसानं जन्मात कधी उशिराचं खोटं कारण दिलं नव्हतं, त्यानं एकाच दुपारी दोनदा खोटं बोलून टाकलं, आणि तेही अगदी सराईतासारखं.

घरी त्या दिवसापासून पाय ठेवायला जागा नव्हती. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे लेकीचा मामा, सोमवारीच येऊन धडकला होता. टायरचं दुकान चालवणारा माणूस. ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, ती घरातही तशीच. खुर्च्या किती, गाड्या किती, हॉलवाल्याला कुणी फोन केला, सगळं तो एकटा ओरडून ठरवत होता आणि एकटाच बदलत होता. माणूस मनाचा फार चांगला. चांगल्या मनाच्या माणसांनी किती गोंधळ घालावा याला काही माप नसतं, एवढंच.

या सगळ्यात रोखाकाका चालत-बोलत होते. याद्या वाचत होते, हो म्हणत होते. पण बायको खोकली की यादीतला आकडा चुकत, आणि ती हसली की सगळी यादीच पुन्हा पहिल्यापासून वाचत. ती शिडीवर चढून माळ्यावरची भांडी काढायला लागली की हे खाली शिडी धरून उभे. "सोडा हो, मी काय पहिल्यांदा चढतेय?" ती म्हणे. यांना वाटे, सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांगून टाकावं. मग लेकीकडे लक्ष जाई. लेक आरशासमोर उभी राहून कानातलं बदलून बघत असे, आणि हे पुन्हा यादी उघडत.

तळ्यावर मात्र ते गेले. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी. लग्नघरातला बाप सकाळी सकाळी पाखरं बघायला जातो म्हणून मामानं आख्ख्या घरात थट्टा केली, तरी गेले.

त्या तळ्यात एक टिबुकली होती. बदकाहून लहान, तपकिरी, शेपटी नसल्यासारखी. पाण्याच्या मधोमध लव्हाळ्याला अडकवून तिनं कुजक्या गवताचं तरंगतं घरटं केलं होतं आणि त्यात चार अंडी होती. ती बुडी मारायची आणि कुठे वर येईल याचा नेम नसायचा. रोखाकाका दगडावर पोटावर पडून, डोळा काचेला लावून वाट बघत. ती बुडाली की ते नकळत आपला श्वास धरत. पाणी सपाट होई. वर्तुळं काठाला येऊन विरून जात. मनात एकही शब्द नसे, ना खुर्च्या, ना सीटी, ना सोमवार. फक्त ते पाणी, आणि कुठल्याशा कोपऱ्यात फुटणारं छोटंसं डोकं. डोकं वर आलं की बोट आपसूक दाबलं जाई आणि श्वास सुटे.  घरट्यावरून उठताना टिबुकली चोचीनं ओलं गवत ओढून अंडी झाकून जायची. वरून बघणाऱ्याला वाटावं, नुसता कचरा तरंगतोय.

पाऊण तासाची ती शांतता त्यांना मिळे, आणि मिळाल्याची लाजही वाटे. मग तिथेच बसून ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एकशे सातवा फोटो उघडत. मोठा करून बघत. काल वाटली तेवढी मोठी नाही, असं मंगळवारी वाटलं. बुधवारी वाटलं, आहे तेवढीच आहे. गुरुवारी त्यांना काहीच वाटेना, नुसते बघत राहिले. पुसायला बोट गेलं आणि मागे आलं. नियम होता म्हणून, आणि दुसरं म्हणजे, तो पुसला तर घरात तिच्या आजाराचा साक्षीदार आपण एकटे उरू, याची भीती.

सांगायची वेळ आलीच नाही असं नाही. मंगळवारी संध्याकाळी ती चहा घेऊन शेजारी येऊन बसली. मामा बाहेर गेला होता, लेक मैत्रिणीकडे. "काय झालंय तुम्हाला? जेवत नाही धड," ती म्हणाली. यांनी पेपर उघडला आणि त्यात तोंड खुपसलं. "लग्नाचं टेन्शन," पेपरातून आवाज आला. ती थोडा वेळ बसली, मग कप उचलून गेली.

बुधवारी तर भांडण झालं. लेकीच्या कपड्यांना तिनं शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं कापड ठेवलं होतं. एकाला नाही, सगळ्यांना. शिवण जाड दिसत होती आणि लेक कुरकुरत होती.

"एवढं कापड कशाला ठेवलंस आत?" रोखाकाका म्हणाले. "तुझं काम असं नसतं."

"पुढे अंगानं भरली तर उसवून सैल करता येतील."

"तेव्हा तू करून देशीलच की."

तिनं दात लावून दोरा तोडला. "दुसऱ्या कुणाला करता आले पाहिजेत," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं. रोखाकाकांना ते शब्द ऐकू आले, पण त्यांच्या डोक्यात तेव्हा डॉक्टरबाईंचा निरोप फिरत होता. बाई रोज निरोप पाठवत. त्या दिवशीचा होता, 'शुक्रवारी दुपारी दोनची सीटीची एक जागा धरून ठेवली आहे. कृपा करून या.' यांनी त्याला उत्तर दिलं नाही. काय द्यायचं?

गुरुवारी संध्याकाळी होणारे व्याही आणि विहीणबाई आले. बसण्याची व्यवस्था ठरवायची होती. ती पाच मिनिटांत ठरली आणि मग दहा-बारा माणसं बाहेरच्या खोलीत एकमेकांकडे बघत बसली. व्याही शाळेतले निवृत्त हेडमास्तर, न बोलण्यात रोखाकाकांच्या वरताण. विहीणबाई पंख्याकडे बघत होत्या. मामाला शांतता म्हणजे अंगावर झुरळ. तो आत गेला आणि हसत बाहेर आला.

"आमच्या भावोजींची कला बघा," तो म्हणाला. "सांगणार नाहीत स्वतःहून. छुपे रुस्तम आहेत."

त्याच्या चिमटीत कार्ड होतं. कॅमेऱ्याच्या पिशवीतून काढलेलं. मोठ्या टीव्हीच्या मागे ते खोचून त्यानं बटण दाबलं, आणि पहिला बगळा भिंतभर उभा राहिला.

"वा," हेडमास्तर म्हणाले. संध्याकाळभरातला त्यांचा पहिला शब्द.

फोटो आपोआप पुढे सरकत होते, दोन-तीन सेकंदाला एक. खालच्या कोपऱ्यात आकडा दिसत होता. रोखाकाकांनी तो बघितला आणि त्यांना एकशे सातवा आठवला.

"बास करा," ते म्हणाले. "कंटाळतील सगळे."

"लाजतायत," मामा म्हणाला.

"कंटाळा कसला, छान आहेत," हेडमास्तर म्हणाले. "हा कोण, खंड्या ना?"

अडतीस. एकोणचाळीस. रोखाकाका उठले. टीव्हीचं बटण पलीकडच्या भिंतीला, मध्ये खुर्च्यांच्या दोन रांगा आणि विहीणबाईंचे पाय. ते पुढे सरकले तर विहीणबाईंना वाटलं यजमान आपल्यासाठी काही आणायला निघाले. "काही नको हो आम्हाला, तुम्ही बसा," म्हणत त्यांनी हात धरून शेजारच्या खुर्चीत बसवलंच. बासष्ट. व्याह्यांनी टिबुकलीबद्दल विचारलं. कुठे राहते, काय खाते. चौकस माणूस, प्रश्न संपेनात. "घरटं तरंगतं? मग वाहून जात नाही?" रोखाकाका उत्तरं देत होते आणि डोळा कोपऱ्यातल्या आकड्यावर होता. चौऱ्याऐंशी. त्यांनी मामाला खूण केली, मामानं उलट डोळा मारला. नव्वद. "लाइटचं बटण बंद कर रे," टीव्हीचं म्हणायच्या ऐवजी गडबडीत त्यांच्या तोंडून गेलं, आणि कुणीतरी सेवाभावानं खोलीतला दिवा घालवला. टीव्ही जास्तच उजळला.

एकशे पाच, चतुर. एकशे सहा, पाण्यातला ढग.

मग छाती आली. भिंतभर, पांढरी-काळी, बरगड्या न् बरगड्या.

खोलीत हशा पिकला. "हा कुठला पक्षी?" हेडमास्तरांनीसुद्धा विनोद केला.

"पिंजरा आहे," मामा ओरडला, "पाखरू उडून गेलंय."

सगळे आणखी हसले. रोखाकाकांनी अंधारात बायकोकडे बघितलं. ती दारात हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. टीव्हीचा उजेड तिच्या तोंडावर होता. तिचा मोकळा हात हळूच वर गेला आणि गळ्याच्या डाव्या हाडावर, त्या वाकड्या सांध्यावर येऊन थांबला.

मग तीही हसली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

"पेशंटचा असेल कुठल्या तरी," ती म्हणाली. "हे काय, दवाखाना बरोबरच घेऊन फिरतात. पुढे ने रे."

मामानं पुढे नेलं. टिबुकली आली. बायको तांब्या ठेवून आत गेली आणि आतून तिचा खोकला ऐकू आला, एकदा, दोनदा. पाहुणे साडेआठला गेले. तिनं रोखाकाकांना काहीच विचारलं नाही. एक शब्दही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं म्हणजे काय असतं हे मी आधीच सांगून ठेवलंय.

शुक्रवारी सकाळी सहाला ते स्कूटर काढत होते, तर ती दारात बूट घालून उभी. केस विंचरलेले नव्हते, अंगावर घरातलीच साडी.

"चला," ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ती तळ्याच्या रस्त्यानं त्यांच्या मागे बसली. हात त्यांच्या खांद्यावर. रोखाकाकांनी तारेकडे, झाडाकडे, कुठेही मान वळवली नाही.

"कुठे बसता?"

"इथे. या दगडावर."

दोघं बसली. पाण्यावर धुकं होतं. टिबुकली घरट्यावर बसलेली होती.

"किती मोठं आहे?" तिनं विचारलं.

"लिंबाएवढं दिसतंय. म्हणजे ते काय आहे हे अजून कुणालाच माहीत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, साधंही असू शकेल."

"आणि मला सांगितलंत, साफ आहे."

"लग्न होऊ दे म्हटलं. निदान तुला लग्न तरी नीट..."

"मला सोमवारीच कळलं होतं."

रोखाकाकांनी पिशवीचा पट्टा खांद्यावरून खाली उतरवला.

"अठ्ठावीस वर्षं ऐकतेय, तुम्ही झोपेतसुद्धा 'सोडा' म्हणता," ती म्हणाली. "मी श्वास धरून उभी आणि तुम्ही गप्प. तेव्हाच समजलं. वाटलं, आता बाहेर येऊन सांगतील. तुम्ही साफ म्हणालात. मग म्हटलं, आज नाही तर उद्या सांगतील. मंगळवारी चहा घेऊन आले, तुम्ही पेपरात घुसलात. बुधवारी तुमच्या तोंडावर सांगितलं, कपडे दुसऱ्या कुणाला उसवता आले पाहिजेत. तरी तुमचं सगळं लक्ष शिवणीच्या जाडीवरच."

"मग तू का नाही विचारलंस सरळ?"

"कारण तुम्ही सांगाल याची वाट बघत होते. नवरा ना तुम्ही माझे? माझ्या छातीत काय आहे ते माझ्या आधी व्याह्यांनी बघितलं. दिवा घालवून."

 रोखाकाकांनी तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ते रडले. आवाज न करता, खांदे हलवत, म्हाताऱ्या माणसानं रडू नये असं. ती रडली नाही. ती रागावली होती, आणि तिला रागावायचा पुरेपूर हक्क होता.

"तिथे घरात तुम्ही एकटे घाबरत होतात आणि मी एकटी घाबरत होते," ती म्हणाली. "एका खाटेवर, पाठीला पाठ लावून. दोघांनी मिळून तरी घाबरलो असतो."

टिबुकली घरट्यावरून उठली. चोचीनं गवत ओढून तिनं अंडी झाकली आणि पाण्यात गेली.

"काय करतेय ती?"

"अंडी झाकते. कुणाला दिसू नयेत म्हणून."

"हं," बायको म्हणाली. "तिला निदान परत येऊन उघडायची तरी अक्कल आहे."

त्याही अवस्थेत रोखाकाकांच्या तोंडून हुंदक्याबरोबर हसू फुटलं. तीही हसली असावी, पण तिनं तोंड पाण्याकडे वळवलं.

"पुढे काय करायचं असतं?" तिनं विचारलं.

"सीटी. आज दुपारी दोनची जागा धरून ठेवलीय बाईंनी. मी उत्तर नाही दिलं."

"किती वेळ लागतो त्याला?"

"दहा मिनिटं."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. 

"दहा मिनिटं नव्हती आपल्याकडे?"

 रोखाकाकांनी मोबाइल काढून बाईंना दोन शब्द लिहिले, 'येतो आम्ही.' लिहिताना ती शेजारून वाचत होती. पाठव, म्हणाली.

"लेकीला?" त्यांनी विचारलं.

"आज काय ते कळू दे. मग मी सांगेन. तुम्ही नका सांगू, तुम्हाला जमत नाही." ती उठून उभी राहिली, साडीला लागलेलं गवत झटकलं. "त्या कॅमेऱ्यात माझे किती फोटो आहेत?"

रोखाकाका म्हणाले, "एकच."

"तोही आतून काढलेला. सगळ्या जगाची पाखरं काढलीत." तिनं पदर नीट केला. "बाहेरून एक काढा. दुपारी मला त्या मशीनमध्ये घालाल, त्याच्या आधी."

ते उठले. ती पाण्याकडे पाठ करून उभी होती, विस्कटलेल्या केसांनी, सुईनं खरबरीत झालेली बोटं एकमेकांत अडकवून. डावा खांदा किंचित खाली, जसा तो अठ्ठावीस वर्षं होता. रोखाकाकांनी डोळा काचेला लावला.  टिबुकलीच्या वेळी होई तसं मन काही रिकामं होईना. सगळं तिथेच होतं, सीटी, लेक, रविवार, सोमवार, आणि मधोमध ही.

"श्वास घ्या," सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

तिनं घेतला. मध्येच तो अडकला, तरी तिनं घेतला. हनुवटी आपोआप थोडी वर झाली.

"रोखा."

बटण दाबलं गेलं. ती श्वास धरून त्यांच्याकडे बघत होती, डोळे न हलवता, वाट बघत.  रोखाकाकांचे ओठ हलले, पण आवाज निघेना. ती थांबली. तिचा चेहरा लाल व्हायला लागला तरी ती थांबली.

"सोड," ते म्हणाले.

तिनं श्वास सोडला, आणि त्याच्यामागून खोकला आला तो थांबेचना. रोखाकाकांनी कॅमेरा तसाच ओल्या दगडावर ठेवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून ते तिच्याजवळ उभे राहिले, खोकला थांबेपर्यंत.